पिस्तुलाला नवं काय बसवायचं? एका यादीचा प्रकरण अभ्यास

यादी कारखान्याच्या गेटपासच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली होती. अक्षर फिटरचं, सुटंसुटं, प्रत्येक आकड्याखाली रेघ. हाताच्या मापानं कोरलेली अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, २८,०००. बॅरलखाली लावायची वजनं, ६,५००. नवी रिअर साईट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, १४,०००. सगळ्या बाजूंना वळणारा ट्रिगर शू, म्हणजे ट्रिगरवर बोट टेकतं तो तुकडा, ९,०००. आयरिसवाला, म्हणजे बघायचं भोक लहान-मोठं करता येणारा, नेमबाजीचा चष्मा, २४,०००. खाली बेरीज ८१,५००, आणि तिच्याखाली दोन रेघा.

“सर, गळीत हंगाम संपला. बोनस येतोय. पोरीच्या पिस्तुलाचं एकदाच काय ते ओव्हरहॉलिंग करून टाकू,” मुलीचे वडील म्हणाले.

ते साखर कारखान्यात फिटर आहेत. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, नववीत. दीड वर्ष आमच्या रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल मारत होती. स्वतःचं पिस्तूल येऊन वर्ष झालं होतं. एका मोठ्या नेमबाजानं वापरून विकलेलं, युरोपियन बनावटीचं, चांगलं मॅच, म्हणजे स्पर्धेचं, पिस्तूल. आल्यावर तिचा स्कोर सहा महिन्यांत ५१० वरून ५४५ वर गेला आणि तिथेच रुतला. ५४७, ५४४, ५४९, ५४६. पाच महिने हेच. साठ शॉट, सहाशे गुण, पंच्याहत्तर मिनिटं. तेवढ्या वेळात ती दर वेळी जवळपास तेवढेच गुण गमावत होती. पाच महिने काटा हलत नसेल तर यंत्रातच काहीतरी बिघडलंय असं फिटरला वाटणारच.

यादी कुठून आली तेही त्यांनी सांगितलं. रात्री मोबाईलवर व्हिडिओ. बहुतेक अमेरिकेतले, आणि एअर पिस्तुलाचे नव्हे तर ग्लॉकसारख्या काडतुसाच्या पिस्तुलांचे. तिकडे सुट्या भागांचा बाजारच वेगळा आहे. त्या पिस्तुलाचा कंपनीतून येणारा ट्रिगर सुमारे अडीच किलोला सुटतो आणि साईट साध्या प्लास्टिकच्या असतात. ते पिस्तूल कमरेला लावायला, धुळीत-चिखलात चालायला बनवलेलं. त्याला चांगली साईट किंवा जरा हलका ट्रिगर बसवला तर कागदावर फरक दिसू शकतो, कारण सुधारायला जागा आहे. आमच्या खेळातलं पिस्तूल खोक्यातून निघतं तेव्हाच ट्रिगर नियमातल्या किमान ५०० ग्रॅमला लावता येतो. रिअर साईटची खाच रुंद-अरुंद करता येते, ट्रिगर मागेपुढे सरकतो, ग्रिपचा कोन बदलतो. तिकडचे लोक जे पैसे देऊन विकत घेतात, त्यातलं निम्मं इथे अॅलन कीच्या, म्हणजे षटकोनी चावीच्या, एका वळणात आधीपासून आहे.

आणखी एक फरक. मॅच एअर पिस्तूल ४.५ मि.मी. बोअरचं आणि पाच-सहा ज्यूल ऊर्जेचं असतं. शस्त्र नियम २०१६ मध्ये २० ज्यूल आणि ४.५ मि.मी. ही रेषा आहे. तिच्या आत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून आम्ही रेंजवर स्वतः स्क्रू पिळू शकतो. परवान्याच्या, काडतुसाच्या पिस्तुलाची गोष्टच निराळी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याचं काम परवानाधारक कारागिराचंच. व्हिडिओ बघून घरी त्यात बदल करणं म्हणजे गुन्हा. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो, यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “सर, आपल्याकडं तसलं काही नाही.” तरी सांगितलं.

वाईस

त्यांचा मुख्य मुद्दा रिअर साईटचा होता. “साईट पकडत नाही. पोरगी उजवीकडे क्लिक देते, दोन शॉट बरोबर पडतात, तिसरा पार उजवीकडे जातो. मग डावीकडे क्लिक देते, की परत डावीकडे. स्क्रूमध्ये प्ले आहे.”

तक्रार खरी होती. मुलगी एका सिरीजमध्ये, म्हणजे दहा शॉटमध्ये, चार-पाच वेळा साईट फिरवायची, हे मीही पाहिलं होतं. पण प्ले, म्हणजे ढिलाई, स्क्रूमध्ये आहे की आणखी कशात, हे बोलून ठरत नाही. मी म्हटलं, वाईस आणा.

रविवारी ते कारखान्यातून टेबलाला कसायचा छोटा वाईस घेऊन आले. जबड्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, पिस्तूल आडवं होणार नाही असं धरलं, टेबलाला वाळूच्या दोन पोत्यांचं वजन दिलं. मग त्यांच्याच हातून शॉट सोडायला लावले. पाच शॉट. टार्गेटवर एकच भोक पडलं, छर्ऱ्यापेक्षा जरासं मोठं. मग साईटचा स्क्रू दहा क्लिक, म्हणजे दहा खटके, उजवीकडे. वाईसमध्ये साईट फिरवून पिस्तूल हलत नाही, म्हणून प्रत्येक बदलानंतर आम्ही वाईस सैल करून साईटमधून पुन्हा टार्गेटवर नेम धरला, मग कसला. वेळखाऊ काम. त्यांना त्यातच मजा येत होती. दहा क्लिक उजवीकडे, पाच शॉट, नवं भोक. दहा क्लिक परत डावीकडे, पाच शॉट. भोक पहिल्या भोकावरच, कड फार तर एक मि.मी. इकडेतिकडे. आणि तो एक मि.मी. आमच्या डोळ्यांनी नेम धरण्याचाच होता.

त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि टार्गेट मोजलं. दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं, पुढची प्रत्येक रिंग आठ मि.मी. रुंद. छर्रा ४.५ मि.मी.चा, आणि रेघेला नुसता लागला तरी आतला गुण. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मि.मी.च्या आत असला की दहा. वाईसमधल्या पिस्तुलाला यातले दोन मि.मी.सुद्धा लागले नव्हते.

“म्हणजे मशीन बरोबर आहे,” ते म्हणाले. आवाज जरा निराश होता. मशीन खराब निघालं असतं तर बरं झालं असतं, असा.

खडूनं जमिनीवर त्यांना एक हिशोब काढून दाखवला. फ्रंट आणि रिअर साईटमधलं अंतर तिच्या पिस्तुलावर साधारण ३३० मि.मी. टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या तीसपट. फ्रंट साईट खाचेच्या मध्यापासून एक दशांश मि.मी. सरकली की टार्गेटवर तीन मि.मी.ची चूक. पण अख्खा हात, पिस्तुलाचा कोन न बदलता, तीन मि.मी. बाजूला झुलला तर टार्गेटवरही तीनच मि.मी. हात झुलणं महाग नाही, मनगट वळणं महाग आहे. ट्रिगर ओढताना ज्या बोटामुळे पिस्तूल केसभर वळतं, ते बोट तीसपट वसुली करतं. हे त्यांना लगेच पटलं. लिव्हरचा हिशोब फिटरला शिकवावा लागत नाही.

बोटाचं पेर

रेंजवर एक स्कॅट आहे. बॅरलखाली लावायचं छोटं यंत्र, नेम कुठे फिरतोय त्याची रेघ संगणकावर काढतं. शेवटच्या सेकंदाची रेघ पिवळी, शेवटच्या ०.२ सेकंदाची निळी. मुलीची पिवळी रेघ चांगली होती. चौदा वर्षांच्या मानानं फारच चांगली, बराच वेळ दहाच्या आत. निळी रेघ मात्र दर तीन-चार शॉटमागे एकदा डावीकडे ताणली जायची, कधी नऊच्या कडेपर्यंत, कधी आठमध्ये. मग ती साईट उजवीकडे फिरवायची. त्यानंतरचा शॉट नीट सुटला की तो उजवीकडे जायचा, कारण साईट आता चुकीची होती. साईटचा प्ले म्हणजे हे होतं.

मी तिला ट्रिगरवर बोट ठेवून थांबायला सांगितलं आणि बाजूनं पाहिलं. बोटाच्या पहिल्या पेराचा अगदी टोकाकडचा भाग, नखाच्या खालचा, ट्रिगरला कसाबसा पोचत होता. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट असं टोकानं ट्रिगरला लागलं की ते सरळ मागे ओढत नाही, तिरकं ढकलतं, आणि पिस्तुलाचं तोंड डावीकडे जातं. ग्रिप मोठ्या माणसाच्या हाताची, त्यांच्यातल्या मध्यम मापाची. तिचा हात लहान. बोट पोचावं म्हणून ती तळहात ग्रिपभोवती पुढे फिरवून घ्यायची, मग अंगठ्याच्या बुडाशी पोकळी राहायची, आणि ती भरायला मनगट आवळायची.

यात माझीही चूक होती. पिस्तूल आलं त्या दिवशीच हे बघायला हवं होतं. तेव्हा स्कोर वाढत होता आणि वाढत्या स्कोरचं मूळ कुणी शोधत नाही.

ट्रिगर शू एका छोट्या रुळावर बसतो. अॅलन कीनं सैल केला, तीन मि.मी. मागे घेतला, एक अंश उजवीकडे वळवला. खर्च शून्य. पेराचा मधला भाग आता ट्रिगरवर आला. त्या दिवशी तिनं चाळीस शॉट नुसते ड्राय मारले, छर्रा न भरता. निळ्या रेघेचं डावीकडे ताणणं गेलं नाही, पण कमी झालं, दर तीन-चार शॉटमागे नव्हे तर आठ-दहामागे.

उरलेलं ग्रिपमध्ये होतं. मी तिच्या हाताला टाल्कम पावडर चोळली आणि पिस्तूल नेहमीसारखं धरायला लावलं. हात काढल्यावर गडद लाकडावर पांढरे डाग उठले. जिथे डाग नाही तिथे हात लागतच नाही. तळहाताच्या खोलगट भागात रुपयाच्या नाण्याएवढा काळा गोल राहिला होता. तिथे आम्ही एम-सील लावलं. हो, नळाला लावतात तेच. मळून लाकडावर बसवलं, वर क्लिंग फिल्म, आणि तिनं पिस्तूल धरून दहा मिनिटं तसंच उभं राहायचं. रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कानस आणि पॉलिश पेपर घेतला. ते काम बघण्यासारखं होतं. दर दोन मिनिटांनी “धर गं,” मग पावडर, मग पुन्हा कानस. तासाभरात पांढरा डाग सलग झाला.

पिस्तूल नियमाच्या खोक्यात बसतं की नाही हे मग तपासलं. आंतरराष्ट्रीय नियमात एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मि.मी.च्या खोक्यात मावावं लागतं. त्यांनी घरी प्लायवूडचा तसा खोका करून आणला होता. पिस्तूल जाईना. एम-सीलनं रुंदी ५१ झाली होती. पुन्हा कानस. स्पर्धेच्या तपासणी टेबलावर हे कळलं असतं तर शॉट मारायच्या आधीच पोरगी रडली असती.

बाकीच्या ओळी

अक्रोडाच्या ग्रिपला मी सरळ नाही म्हटलं. जर्मनीत हाताचा ठसा किंवा हाताची रेखाकृती पाठवली की त्या मापाची ग्रिप कोरून देणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या ग्रिप जगभरच्या मोठ्या नेमबाजांच्या हातात दिसतात. हात वाढायचा थांबलेल्या, ५६५ च्या पुढे मारणाऱ्या नेमबाजानं मला पहिलं काय घेऊ विचारलं तर मी ग्रिपच म्हणेन. दुसरं काही नाही. पण चौदा वर्षांच्या हाताला २८,००० चं लाकूड म्हणजे पहिलीतल्या पोराला शिंप्याकडून सूट शिवून घेणं.

वजनांवर ते अडून बसले. बॅरलच्या टोकाला वजन असलं की पिस्तूल कमी थरथरतं, हे त्यांनी ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. मी म्हटलं विकत घेऊ नका, बनवा. त्यांनी लेथवर पितळेचा ६० ग्रॅमचा तुकडा काढून आणला. काय सुबक तुकडा होता तो, कडा मारलेल्या, वर आरशासारखी चकाकी. बसवला, आणि पहिल्या दिवशी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, खरंच आवळला. वडील खुशीत. मी म्हटलं, साठ शॉट मारू दे. सहा सिरीज अशा पडल्या: ९४, ९३, ९३, ९१, ८८, ८७. एकूण ५४६. तीन दिवसांनी पुन्हा तेच चित्र, शेवटच्या दोन सिरीज ८९ आणि ८६. वजन काढून मारलं तेव्हा सिरीज वाकड्यातिकड्या होत्या, पण शेवटाकडे कोसळत नव्हत्या. पिस्तुलाला १,५०० ग्रॅमपर्यंत परवानगी आहे. तिचं वजनासकट हजारच्या आसपास होतं, नियमाची काही अडचण नव्हती. अडचण खांद्याची होती. चौदा वर्षांचा खांदा एक हात पुढे करून तासभर उभा असतो. दहा शॉटच्या ग्रुपवर सुटा भाग जोखायचा नाही, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. दुकानदार दहाच शॉट मारून दाखवतो.

चष्म्यासाठी तिला आधी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उजव्या डोळ्याला मायनस अर्धा नंबर निघाला. साधा चष्मा १,४०० रुपयांत झाला. तिला तोपर्यंत वाटत होतं की फळ्यावरचं सगळ्यांनाच तसं दिसतं. आयरिसचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलंय, फ्रंट साईट मला धुरकट दिसते, मी स्वतः वापरतो. पण चौदा वर्षांचा डोळा साईटवरून टार्गेटवर आणि परत सहज जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी तुर्कस्तानच्या युसूफ डिकेचचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, एक हात खिशात, साधा चष्मा, मिश्र सांघिक गटात रौप्य. वडिलांनी तोही दाखवला. “म्हणजे काहीच लागत नाही की हो सर?” दोन्ही टोकं एकाच माणसाची. त्यांना सांगितलं, फोटोत त्याच्या हातात काय आहे तेही बघा. ते मॅच पिस्तूलच आहे, नियमातलं, हाताला बसलेलं. त्यानं अवांतर गोष्टी सोडल्या, पिस्तूल नाही सोडलं.

ट्रिगर शूबाबत आमचं अजूनही एकमत नाही. त्यांचं म्हणणं, सगळ्या बाजूंना वळणारा असता तर बोटाला आणखी बरोबर बसवता आला असता. माझं म्हणणं, असलेला मागेपुढे आणि डावीउजवीकडे वळतो, तेवढं पुरे. मला ते खोडून काढता येत नाही, कारण आम्ही तो घेतलाच नाही. ट्रिगरचं वजन मात्र पाहिलं. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल उचलायचं, ट्रिगर सुटला की नापास. तिचं जेमतेम पास होत होतं. आम्ही स्क्रू वीसेक ग्रॅम वर नेला. कमीत कमी म्हणजे चांगलं, असं मुलांच्या डोक्यात असतं. तपासणी टेबलावर तीनदा प्रयत्न करूनही वजन सुटलं, म्हणून शॉट मारण्याआधी घामाघूम झालेली पोरं मी पाहिली आहेत.

यादीत नसलेलं

सगळं झाल्यावर मी पिस्तूल पुसत होतो. हवेचा सिलिंडर काढला, आणि पहिल्यांदाच त्यावर कोरलेली तारीख वाचली. बारा वर्षांपूर्वीची.

या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वदपट. आणि तो नेमबाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. उत्पादक बनावटीच्या तारखेपासून त्याचं आयुष्य ठरवून देतात, साधारण दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर बदलणं ही नेमबाजाची जबाबदारी, असं नियमातच आहे, आणि तपासणीत तारीख पाहिली जाऊ शकते. दीड वर्ष मी या मुलीच्या शेजारी उभा होतो. आमच्याच पंपावर तो सिलिंडर आठवड्यातून दोनदा भरला जात होता. एकदाही मी तारीख वाचली नव्हती.

वडिलांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, अंगठ्यानं तारीख पुसली, परत वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“सर, आमच्याकडं बॉयलरचं दर वर्षी इन्स्पेक्शन असतं. सर्टिफिकेट लावल्याशिवाय आग पेटवत नाही. आणि हे मी घरात कपाटात ठेवत होतो.”

तो सिलिंडर त्या दिवसापासून भरला नाही. हवा सावकाश सोडली, त्यांनी तो कारखान्यात नेऊन कटरनं दोन तुकडे केला, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. नवा २१,००० ला आला. जुळणाऱ्या ओ-रिंगचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा, सेट ६०० ला. ८१,५०० च्या यादीत हे कुठेच नव्हतं. कसं असेल? सिलिंडर बदलून एकही गुण वाढत नाही. त्याचा व्हिडिओ कोण करणार?

जोडायचे भाग आणि बदलायचे भाग यात मोठ्या मैदानावरही हाच फरक आहे. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत उतरली, आणि ऐन फेरीत पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला. ती ५७५ वर थांबली, बारावी, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातलं उत्तम पिस्तूल, उत्तम ग्रिप, सगळं होतं. अडलं ते एका सुट्या भागावर. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिनं कांस्य घेतलं. त्यानंतर आमच्या रेंजवरच्या मुलांना मी पिशवीत काय काय आहे ते उघडून दाखवायला लावतो. अॅलन की, ओ-रिंग, फ्रंट साईटचा जादा स्क्रू, दुसरा सिलिंडर. पोरं कुरकुरतात.

काय झालं

एकूण खर्च तेवीस हजारांच्या जरा वर. त्यातला एकवीस हजारांचा सिलिंडर स्कोरसाठी नव्हता. स्कोरसाठी म्हणून जे लागलं ते चष्मा, एम-सीलचं एक पाकीट, पॉलिश पेपर आणि तीन रविवार.

पुढच्या चार महिन्यांत स्कोर ५५१, ५५४, ५५०, ५५७, ५५९ असा गेला. जिल्हा स्पर्धेत ५५६. यातलं किती ट्रिगर शूचं, किती चष्म्याचं, किती रोज घरी भिंतीसमोर मारलेल्या ड्राय शॉटचं, हे मला वेगळं काढता येत नाही. त्याच काळात तिची उंचीही दीड इंच वाढली. एक गोष्ट मात्र स्कॅटवर दिसते, निळी रेघ आता बहुतेक वेळा पिवळीच्या आतच संपते, आणि एका सिरीजमध्ये ती साईटला एकदाही हात लावत नाही.

पितळेचं वजन वडिलांनी परत नेलं. कारखान्यात त्यांच्या टेबलावर लॉगबुकच्या पानांवर ठेवलेलं असतं, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून.

गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “सर, ग्रिप टोचते.” पावडर लावून पाहिली. अंगठ्याच्या बुडाशी, बरोबर आमच्या एम-सीलच्या कडेवर, पांढरा डाग दाट पडला होता आणि आजूबाजूला पातळ. हात वाढला होता. वडिलांना फोन केला. ते संध्याकाळी कामावरून थेट आले, व्हर्नियरनं तिचा तळहात मोजला, मागचं माप वहीत शोधलं, चार मि.मी.चा फरक निघाला. मग बाकावर वर्तमानपत्र पसरलं, कानस काढली आणि वर्षापूर्वी बसवलेलं तेच घासून काढायला बसले. “धर गं,” म्हणाले. ती धरायची, ते बघायचे, परत कानस. लाकडाची आणि एम-सीलची राखाडी भुकटी तिच्या ट्रॅकपँटवर पडत होती.